आबा आणि उतार

आबांशी बोलायचं तर पिकअपच्या खिडकीशी उभं राहून, तेही ओरडून. कारण आबांचा उजवा पाय ॲक्सिलरेटरवर असतो. पाय उचलला की इंजिन दोनदा कुंथतं, केबिन थरथरते आणि गाडी गप्प. त्यामुळे मयताची बातमीसुद्धा आबा रेस देत देतच ऐकतात.

निफाड तालुक्यात गावटी एक तरी असा आबा सापडतो. गाडी जुनी, डिझेलची. मागे कांदा, पुढे लिंबू-मिरची, आरशाला गोंडे. हॉर्न नवाकोरा. फिल्टर कधी बदलला हे मात्र विचारू नये. ‘चालतीय ना? मग कशाला हात लावायचा?’

बॅटरीही थकलेली. सेल्फचा भरवसा नाही, म्हणून गाडी लावायची ती उतारावरच. पंचक्रोशीतले उतार आबांना तोंडपाठ. लग्नाला बाकीचे मांडवाच्या दारात उतरतात, आबा लांब पाण्याच्या टाकीच्या चढावरून चालत येतात. एका व्याह्यांकडे तर जाणंच सोडलंय. माणसं चांगली, पण दारात सगळं सपाट.

खरं दुखणं या उतारातच आहे. आबा डिझेल टाकतात पाचशेचं; टाकीचा तळ कायम दिसत असतो. गाडी तिरकी उभी राहिली की उरलंसुरलं डिझेल एका कोपऱ्यात जातं, नळीचं तोंड उघडं पडतं आणि पुढे डिझेलऐवजी हवा ओढली जाते. झाला एअरलॉक! शिवाय रिकामी टाकी रात्रीच्या गारठ्यात आतून ओल धरते. पाणी डिझेलपेक्षा जड, ते तळाशी बसतं आणि गाळासकट फिल्टरकडे निघतं. हे पाणी सोडायला फिल्टरच्या बुडाशी स्क्रू दिलेला असतो. आबांच्या गाडीत तो चिखलाखाली आहे, असं समजायचं.

लासलगावच्या बाजार समितीत, लिलावाच्या रांगेत, उतार कुठून आणायचा? गाडी बंद पडते, मागचे ट्रॅक्टर बोंबलतात आणि चार तज्ज्ञ गोळा होतात. एक म्हणतो, प्लग काढून साफ करा. पेट्रोलच्या गाडीसारखा ठिणगीचा प्लग डिझेलला नसतोच, पण त्याला कोण सांगणार? दुसरा थेट पंपच उतरवायला निघतो.

आबा शांतपणे बॉनेट उघडतात. इथं मात्र माणूस बघत राहावा. पान्यानं फिल्टरवरचा स्क्रू जरासा सैल करतात आणि हातपंप अंगठ्यानं दाबत राहतात. आधी नुसता फेस, मग बुडबुडे, मग बुडबुडे सरून सलग धार. त्या क्षणी अंगठा न उचलता स्क्रू आवळतात. एक थेंब वाया नाही. शेकडो रुपयांचा फिल्टर वाचवण्यासाठी केवढी ही साधना! मग त्याच चार तज्ज्ञांना म्हणतात, ‘आता जरा धक्का मारा.’

मुलाच्या हट्टानं परवा गाडी विकायला काढली. गिऱ्हाइक येणार म्हणून आबांनी सकाळपासून ती चालू करून, तापवून ठेवली होती. गिऱ्हाइकही मुरलेलं. आल्याआल्या त्यानं बॉनेटवर तळहात ठेवला.

‘गरम कशी?’

‘आत्ताच देवदर्शन करून आलो.’

‘कुठल्या देवाचं?’

‘टेकडीवरच्या,’ आबा म्हणाले.