शेगडी, तक्ता आणि बरोबरची खूण

घर उबदार ठेवणाऱ्या शेगडीची वार्षिक देखभाल हा विषय मराठी ग्रंथकारांनी आजवर उपेक्षिला असला, तरी त्याबद्दल त्यांना दोष देता येणार नाही. ज्या प्रदेशात वर्षातले कित्येक महिने घरातली उष्णता बाहेर कशी घालवावी या विवंचनेत जातात, तेथे तीच उष्णता पैसे मोजून आत आणण्याच्या शास्त्राला वाचक मिळणे कठीणच. अमेरिकेच्या ईशान्य टोकावरील मेन, व्हर्मॉंट आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांत मात्र स्थिती नेमकी उलट आहे. तेथे हिवाळ्यातल्या कडक रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, आणि पुष्कळ घरांत पेलेट स्टोव्ह नावाची शेगडी बैठकीच्या खोलीतली मोक्याची जागा अडवून बसलेली असते.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली घट्ट करून बनवलेल्या, साधारण सहा मिलिमीटर जाडीच्या कांड्या. त्या सुमारे १८ किलोच्या पिशव्यांतून विकत मिळतात. शेगडीच्या पेटीत त्या ओतल्या की ऑगर नावाचा मळसूत्री दांडा त्यांना थोड्या थोड्या पुढे ढकलतो, त्या बर्न पॉट म्हणजे तळाला भोके असलेल्या लोखंडी वाटीत पडून जळतात, एक पंखा धूर ओढून नळीवाटे घराबाहेर टाकतो, दुसरा पंखा तापलेली हवा खोलीत सोडतो, आणि दार नीट लागले नसेल तर आतला दाब बिघडल्याचे ओळखून एक स्विच इंधन बंद करतो. आदिमानवाने दोन गारगोट्यांवर भागवलेल्या या कामासाठी आधुनिक मानवाने दोन पंखे, एक मोटर आणि एक सर्किट बोर्ड नेमले असून, त्यांपैकी प्रत्येकाला बिघडण्याचा स्वतंत्र अधिकार आहे.

हा अधिकार जानेवारीतल्या हिमवादळाच्या रात्री बजावला जाऊ नये म्हणून देखभालीच्या वेळी तपासणीचा तक्ता वापरतात. धुराडी वर्षातून किमान एकदा तपासावीत, असे अमेरिकेतील राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचे २११ क्रमांकाचे मानक सांगते. तक्त्याबाबत मेकॅनिकांचे दोन संप्रदाय आढळतात. पहिल्याचे म्हणणे असे की, ज्याने हजार शेगड्या उघडल्या त्याला कागदाची गरज नाही. दुसरा संप्रदाय कागदाचा परमभक्त असतो. तो इतका की शेगडी उघडण्यापूर्वीच, गाडीत बसल्या बसल्या, त्याचा तक्ता भरून तयार असतो. या दोहोंत दुसरा अधिक धोकादायक मानावा लागतो, कारण पहिल्याच्या चुकीला निदान सहीशिक्क्याचे संरक्षण नसते.

अनुभवी माणसाला कागद कशाला, या प्रश्नाचे उत्तर विमानविद्येने फार पूर्वी दिले. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी ओहायोतील राइट फील्डवर बोइंग कंपनीचे मॉडेल २९९ हे चार इंजिनांचे विमान उड्डाण करताच कोसळले. वैमानिक नवखे नव्हते. जमिनीवर उभ्या विमानाचे नियंत्रण-पंख वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावलेली खीळ काढायची तेवढी राहिली होती. त्यानंतर वैमानिकांच्या हाती यादी आली. शस्त्रक्रियेच्या टेबलापाशी अशी यादी नेण्याचे श्रेय ज्या बोस्टनच्या शल्यविशारदाकडे जाते, त्या डॉ. अतुल गवांदे यांच्या वडिलांचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील उटी होय. विदर्भाच्या उन्हात शेगडीला काम नसले, तरी शेगडीच्या तक्त्याचे तत्त्वज्ञान तेथवर पोहोचते, ही गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या त्या १९ मुद्द्यांच्या यादीची आठ शहरांतील रुग्णालयांत चाचणी झाली, तेव्हा शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यावर आले.

इथवर सारे तक्त्याच्या बाजूचे झाले. पुढे कॅनडातील ऑंटारियो प्रांताने आपल्या रुग्णालयांना अशा यादीच्या वापराची जाहीर नोंद देणे सक्तीचे केले, यादी वापरल्याचे प्रमाण कागदोपत्री ९० टक्क्यांच्या वर गेले, आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या १०१ रुग्णालयांच्या अभ्यासात मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय फरक काही आढळला नाही. त्याच्या कारणांवर तज्ज्ञांत वाद झाले. परंतु सत्यनारायणाच्या पूजेत भटजींनी सांगताच ‘मम’ म्हणून पळी सोडणारा आणि त्याच वेळी मनातल्या मनात जेवणाची पाने मोजणारा यजमान ज्याने पाहिला आहे, त्याला हा निष्कर्ष समजायला संख्याशास्त्र लागू नये. बरोबरची खूण हात हलल्याची साक्ष देते, डोळे उघडे असल्याची नव्हे.

म्हणून तक्त्या-तक्त्यात फरक करावा लागतो. ‘दाराची सील ठीक आहे काय?’ असा प्रश्न छापला की उत्तर ‘आहे’ असेच येणार, कारण ‘नाही’ लिहिले तर सील बदलावी लागते. याउलट जाणत्या तक्त्यात कृती सांगितलेली असते: दाराच्या कडेला बसवलेल्या काचतंतूच्या दोरीवर डॉलरची नोट ठेवून दार लावावे आणि नोट ओढावी, अडकली तर सील शाबूत, अलगद निघाली तर दोरी दबून गेलेली. ही परीक्षा कडेने चार-सहा ठिकाणी करावयाची असते. नोट शेवटी मालकाच्या खिशात परत जाते. बिल निराळे येते.

बर्न पॉटचेही तसेच. राखेतली खनिजे वितळून त्यांचे काचेसारखे कठीण खडे बनतात, त्यांना क्लिंकर म्हणतात. ते तळाच्या भोकांत बसले की हवा कोंडते, ज्योत आळसावते, नारिंगी होऊन काजळी धरते आणि समोरची काच काळी पडते. मालक काच पुसतो. तो दर आठवड्याला काच पुसतो, त्यासाठी खास द्रव विकत आणतो, आणि भोकांकडे कोणाचेही लक्ष जात नाही. ‘बर्न पॉट स्वच्छ’ या रकान्यात खूण करणे सोपे. ‘किती भोके बुजली होती?’ या रकान्यात आकडा लिहायचा तर वाटी बाहेर काढून उजेडाकडे धरण्यावाचून गत्यंतर नाही.

राखेच्या बाबतीत तक्त्याची भाषा कठोर असलेली बरी. घरगुती व्हॅक्यूम क्लीनरने राख ओढू नये, हा नियम पुष्कळांना अतिसावधपणा वाटतो. परंतु राखेत निखारा तासन् तास, कधी दिवसभराहूनही अधिक, जिवंत राहतो, आणि धुळीने भरलेल्या पिशवीत तो शिरला की घरात दुसरी शेगडी विनामूल्य पेटते. राख झाकणाच्या धातूच्या बादलीत भरून ती बादली घराबाहेर ठेवावी. कार्बन मोनॉक्साइड या रंग-गंधहीन विषारी वायूची सूचना देणारा अलार्मही तक्त्यात हवाच, आणि तेथे ‘आहे’ एवढे पुरेसे नसून त्याच्या पाठीवर छापलेली मुदतीची तारीख उतरवून घ्यावयास हवी.

अमेरिकेच्या त्या ईशान्य राज्यांत घर केलेल्या मराठी वाचकांनी देखभालीचा फोन मे-जूनमध्येच करावा, कारण ऑक्टोबरात पहिली थंडी पडताच अख्खे राज्य एकदम फोन करते आणि घाईत आलेला माणूस तपासणी गाळतो, खुणा गाळत नाही. हाती आलेल्या तक्त्यात एकही आकडा किंवा शेरा दिसला नाही, तर सही करण्यापूर्वी मेकॅनिकला थांबवून बर्न पॉट आपल्यासमोर बाहेर काढायला सांगावे.