तांबडा, निळा आणि मी

मी मनमिळाऊ माणूस आहे, हे मत आमच्या शाखेत फक्त माझंच आहे. बाकीच्यांचं म्हणणं असं की जुळवून ते घेतात. हे मला गेल्या वर्षी समजलं. मुख्य कार्यालयाने पुण्याहून एक प्रशिक्षक बोलावले आणि त्यांनी आमच्या पतसंस्थेच्या माधवनगर शाखेत सगळ्यांचे स्वभाव तपासले.

तपासणी म्हणजे एक लांबलचक फॉर्म. पहिलाच प्रश्न, ‘गर्दीत तुम्हाला उत्साह वाटतो का?’ आमच्या वसुली अधिकाऱ्यांनी हात वर केला. ‘गर्दी कुणाची? थकबाकीदारांची का ठेवीदारांची?’ प्रशिक्षकांना हा प्रश्न विनोदी वाटला. पतसंस्थेच्या दारात ठेवीदारांची गर्दी झालेली त्यांनी कधी पाहिली नसावी.

निकाल रंगांत होता. तांबडा म्हणजे हुकूम सोडणारा, पिवळा बोलका, निळा काटेकोर आणि हिरवा शांत. मी मनातून तांबड्याची तयारी करून गेलो होतो. सदराही त्याच छटेचा घातला होता. निघालो हिरवा. ‘जुळवून घेणारे, मतभेद टाळणारे. पुढाकाराची अपेक्षा ठेवू नये.’ शेवटचं वाक्य छापील होतं, म्हणजे खास माझ्यासाठी लिहिलेलं नव्हतं, एवढंच समाधान. आमचा पिग्मी एजंट धीर द्यायला आला. ‘वाईट काय हाय साहेब? सिग्नल हिरवा असला की लोकं न थांबता पुढं जात्यात.’

त्यानंतर प्रशिक्षकांनी कुणाचं कुणाशी पटेल याचा तक्ता भिंतीवर लावला. छत्तीस गुणांची पत्रिका तेवढी मागायची राहिली होती. तक्त्यात कॅशियर निळे आणि वसुली अधिकारी तांबडे, आणि दोघांच्या मधल्या चौकोनात शेरा: ‘तणावपूर्ण जोडी’. यासाठी पुण्याहून यायची गरज नव्हती. हे दोघं एकमेकांशी बोलत नाहीत हे माधवनगरात यंत्रमागांनाही ठाऊक आहे. भांडण कशावरून झालं, याबद्दल एक जण व्हाउचरवरची सही सांगतो आणि दुसरा कुणाच्या तरी लग्नातली पंगत. समोरासमोर टेबलं आहेत, पण निरोप शिपाईमामांमार्फत जातात. ‘त्यांना म्हणावं, पाचशेच्या नोटा सुलट लावून द्या.’ मामा मान वळवतात, फक्त मान. निरोप पोचलेला असतो.

प्रशिक्षक सांगू लागले की ही स्वभावांची वर्गवारी आजची नाही, कार्ल युंग नावाच्या स्विस मानसशास्त्रज्ञाचं यावरचं पुस्तक 1921 साली आलं. इथे त्यांचं चुकलं. 1921 म्हटलं की माझ्या डोक्यात युंग येत नाहीत, गायक-नट केशवराव भोसले येतात.

8 जुलै 1921. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ नाटकाचा प्रयोग. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श या एकमेकींच्या पक्क्या स्पर्धक कंपन्या, आणि त्यांचे मालक एकाच रंगमंचावर: बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. नाटककार खाडिलकर जन्माने सांगलीचे, बालगंधर्व आमच्या नागठाण्याचे, केशवराव कोल्हापूरचे. त्यामुळे हा प्रयोग मुंबईत झाला ही मी एक तांत्रिक बाब समजतो. दोघांच्या चाहत्यांचे दोन तट, दोघांच्या गाण्याची तऱ्हा निराळी. कोण कुणावर मात करतो हे बघायलाच अर्धं थिएटर आलं असणार. त्या दोघांना प्रशिक्षकांचा फॉर्म दिला असता तर? बालगंधर्वांचा रंग त्या अंकातल्या शालूवर ठरला असता. आणि मधल्या चौकोनात शेरा तोच पडला असता, तणावपूर्ण जोडी. पण प्रयोग असा रंगला की शंभर वर्षांनंतर माझ्यासारखा, तेव्हा जन्मालाही न आलेला माणूस त्याच्या आठवणी सांगतो.

आता दुसरी बाजू बघा. (प्रशिक्षकांनाही मी हेच म्हणालो. ते घड्याळ बघत होते.) 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे हे तिघे किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. एक गाणारा, एक नट, एक हार्मोनियमचा आणि चालींचा बादशहा. रंग याहून चांगले जुळायचे नाहीत. टेंबे दोन-तीन वर्षांत बाहेर पडले, पुढे बोडसही गेले. जुळलेले पांगले आणि स्पर्धक एका रात्रीपुरते का होईना, एकत्र गायले. त्याच 1921 च्या 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय 31. त्यामुळे तो प्रयोग ज्यांनी पाहिला, त्यांनी पाहिला.

हे सगळं मी दोन पदांसह सांगितलं. मधली सुट्टी संपली होती आणि शाखेतली निम्मी माणसं काउंटरवर सटकली होती. निळे, तांबडे, पिवळे, सगळे एकदम, अगदी एकजुटीने. संघभावनेचं याहून चांगलं प्रात्यक्षिक प्रशिक्षकांनाही जमलं नसतं.

नाटकवाल्यांचं सोडा. इथून जवळच, आमच्याच जिल्ह्यात, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कुंडलच्या माळावर कारखान्याची वसाहत वसवली. सोबत कोण? शंभोराव जांभेकर इंजिनिअर, मंगेशराव रेगे हिशेबनीस, शाळा अर्धवट सोडलेले पण यंत्रांत डोकं चालणारे अनंतराव फळणीकर, कोर्टकचेरीपासून विक्रीपर्यंत पडेल ते काम करणारे के. के. कुलकर्णी. आणि राखणीला तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग, दोघेही शिक्षा झालेले गुन्हेगार. या मंडळींचा तक्ता भिंतीवर लावला असता तर लोखंडी नांगर काही निघाला नसता. अलीकडे गूगलनेही आपले 180 संघ तपासून पाहिले. संघात कोण आहे यापेक्षा माणसं एकमेकांशी वागतात कशी, ‘मला हे कळलं नाही’ असं म्हटल्यावर हसू होतं का, यावर जास्त अवलंबून असतं, असं त्यांना आढळलं. आमच्या शाखेत कुणीही बिनधास्त ‘कळलं नाही’ म्हणतं. मी म्हणत नाही, कारण मला कळलेलं असतं.

थोडं गंभीर बोलतो. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. कॅशियरांचं घर गावभागात. फोन लागत नव्हता. वसुली अधिकाऱ्यांनी टेम्पो मिळवला, तोही अशा माणसाचा, ज्याला त्यांनी स्वतःच थकबाकीसाठी कलम 101 ची नोटीस धाडली होती. आणि कॅशियर, त्यांची बायको आणि म्हातारी आई यांना माधवनगरच्या आपल्या दोन खोल्यांत आणून ठेवलं. पूर ओसरेपर्यंत ही दोन कुटुंबं एका छपराखाली होती आणि हे दोघे एकमेकांशी एक शब्द बोलले नाहीत. मामा घरी नव्हते, म्हणून निरोप वहिनींमार्फत. एका संध्याकाळी मी तिथे होतो. कॅशियर भिंतीकडे बघत म्हणाले, ‘वहिनी, त्यांना म्हणावं आईच्या बीपीच्या गोळ्या संपल्यात.’ वहिनींनी तोंड उघडायच्या आत वसुली अधिकाऱ्यांनी रिकामी पट्टी उचलली, नाव डोळ्यांजवळ धरून वाचलं, खिशात घातली आणि डोक्यावर खताची पिशवी घेऊन भर पावसात बाहेर पडले. पुढे गावभागातल्या घरातला चिखलही दोघांनी मिळून काढला. न बोलता. मनमिळाऊ माणूस या नात्याने मी त्या आठवड्यात घरून सगळ्यांना फोन करून धीर देत होतो.

म्हणून या तक्त्यांचा मला राग येतो. रंग खोटे असतात असं नाही. हिरव्याबद्दल तर मी आता वाद घालत नाही. पण ‘तुमचा स्वभाव टीममध्ये बसत नाही’ हे वाक्य फार सोयीचं झालंय. ओळखीतल्या एका मुलीला तिच्या ऑफिसात 31 मार्चला रात्री दहापर्यंत थांबवलं. तिने घरी जायला रिक्षाचे पैसे मागितले, तेव्हा हेच वाक्य तिला ऐकवलं. पैसे नाहीत म्हणायला लाज वाटते, स्वभाव जुळत नाही म्हणायला वाटत नाही.

प्रशिक्षकांचा अहवाल मुख्य कार्यालयात गेला आहे. ‘तणावपूर्ण जोडी’तल्या एकाची विट्याला बदली करावी, अशी शिफारस त्यात आहे. साहेबांना एकच विनंती: या दोघांना हलवू नका. आमची रोकड रोज संध्याकाळी पैशापैशाने जुळते, आणि ती हेच दोघे जुळवतात. कुणाला तरी पाठवायचंच असेल तर मला पाठवा. हिरवी माणसं कुठेही जुळवून घेतात, असं त्याच अहवालाच्या पहिल्या पानावर आहे. शिवाय विट्याच्या शाखेने अजून ‘संयुक्त मानापमान’ ऐकलेलं नाही.