गुड मॉर्निंग, कोण्या गावचे?

इंग्रजीत ओळख करून घ्यायला चार वाक्यं पुरतात, असं पाठ्यपुस्तकवाल्यांचं मत दिसतं. हॅलो, माझं नाव अमुक, तुझं नाव काय, भेटून आनंद झाला. संपलं! आमच्या घाटंजीत एवढ्या वेळात पाहुण्याच्या चपलाही निघत नाहीत. इथे पहिला प्रश्न ‘कोण्या गावचे?’, दुसरा ‘कोणाच्या घरचे?’ आणि तिसरा ‘मंग पारव्यात तुमचं कोण हाये?’ नावाची पाळी येईतो चहा आलेला असतो. तोवर ‘पारव्याचे जावई’ एवढं ठरलेलं असल्यामुळे नाव राहून गेलं तरी कोणाचं काही अडत नाही.

2000 सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं आणि हे चार वाक्यांचं प्रकरण आम्हा मास्तरणींच्या गळ्यात पडलं. दोन पोरांना समोरासमोर उभं करून मी संवाद म्हणवून घेते. एकदा तो सुरळीत पार पडल्यावर मागच्या बाकावरून शंका आली, “मॅडम, यानं त्याले गावच नाई इचारलं. मंग ओळख कशी झाली?” आणखी एका मुलीची अडचण त्याहून मोठी होती. समोर उभी असलेली तिची सख्खी चुलतबहीण. “हिले मी नाव काऊन इचारू? हिचं नाव तं माह्या आजीनंच ठेवलं.”

‘हाऊ आर यू?’चा पेच वेगळाच. त्याला ‘आय ॲम फाईन’ हे एकच उत्तर. ताप असो, परीक्षा असो. आमच्याकडे ‘बरं हाये नं?’ असं विचारणाऱ्याने अर्धा तास हाताशी ठेवूनच विचारावं. बोंडअळी, पाऊस, कापसाचा भाव, कंबर, सून अशा क्रमाने सविस्तर उत्तर मिळतं. त्यामुळे ‘फाईन’ म्हणायला लावलं की पोरं संशयाने पाहतात. “मॅडम, घरी बैल बिमार हाये. खोटं कायले सांगाचं?” शेवटी ‘फाईन’ हे बैलाबद्दल नाही, असा खुलासा करून मी पुढे सरकले.

‘गुड मॉर्निंग’चं मात्र मला कौतुक आहे. आमच्याकडे अभिवादन हेच अर्धं ओळखपत्र असतं. एक पोरगा घरून ‘रामराम’ आणतो, दुसरा ‘जय भीम’, तांड्यावरची मुलगी ‘जय सेवालाल’, गोंड घरातला ‘जय सेवा’, कोणी ‘सलाम’. ‘जय भीम’ तर विदर्भाचंच देणं. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी ते रुजवलं. या प्रत्येक अभिवादनामागे एक इतिहास उभा असतो, आणि तो ऐकून समोरचा माणूस आपल्याला कुठे बसवायचं ते ठरवतो. ‘गुड मॉर्निंग’ला ना गाव, ना गोत. सगळी पोरं एकाच सुरात, एकाच लांबीचं ‘गुऽऽड मॉर्निंऽऽग मॅऽडम’ म्हणतात. दुपारी खिचडी खाऊन झाल्यावरसुद्धा. मी वेळेचा आग्रह सोडला आहे.

परवा तपासणीला साहेब आले. त्यांनी एका मुलीला उभं केलं. “व्हॉट इज युअर नेम?” तिने नाव सांगितलं, ‘नाईस टू मीट यू’ही म्हणाली. साहेब खूश. पण पोरगी खाली बसेना. “सर, विच व्हिलेज?”

साहेब गडबडले. “दारव्हा.”

“हूज हाऊस?”

साहेबांनी आडनाव सांगितलं. पोरीचे डोळे चमकले. तिची आत्या दारव्ह्यालाच दिलेली. इंग्रजी तिथे संपलं, पण साहेब खुर्ची ओढून तिच्या बाकाजवळ बसले. आत्याचं घर कोणत्या गल्लीत, दीर काय करतो, यंदा कापूस किती झाला, सगळं निघालं. उरलेल्या वर्गाची तपासणी राहूनच गेली.

जाताना साहेबांनी शेरा लिहिला, ‘संभाषण कौशल्य उत्तम.’ मुलीचं नाव लिहायला मात्र ते विसरले. मी आठवण केली, तेव्हा म्हणाले, “लिहा नं मॅडम, आमच्या दारव्ह्याच्या बाईची भाची.”