टेबलात नको, खुर्चीत पैसे घाला

"काकू, कढीपत्ता हवाय का? आत्ताच काढलाय. आणि काल रात्री तुमच्याकडे ठोकाठोकी कसली चालली होती?"

"अगं, सुनेचं ऑफिस थाटत होतो! दिवसभर बेडवर मांडी घालून लॅपटॉपसमोर बसायची. संध्याकाळी मान धरून येते, म्हणते, आई, जरा बाम चोळा."

"मग सुतार बोलावलात?"

"त्याने सांगितलेला आकडा ऐकला, चहा पाजला आणि वाटेला लावला. स्वयंपाकघराचं दार काढून माळ्यावर टाकलं होतं ना, तेच दोन लोखंडी घोड्यांवर आडवं टाकलं. 29 इंच उंची. ऐसपैस झालंय! फक्त कोपर काटकोनात यावं म्हणून खुर्ची वर घेतली, तर हिचे पाय लोंबकळायला लागले. मग खाली जेवायचा पाट ठेवला."

"पाट! आणि लॅपटॉप?"

"दिवाळी अंकांच्या चळतीवर. स्क्रीनची वरची कड डोळ्यांसमोर आली पाहिजे म्हणे. पण लॅपटॉप उंच झाला की त्यावर टाईप करताना हात खांद्याशी जातात, म्हणून कीबोर्ड-माउस वेगळे घेतले. हजाराच्या आत दोन्ही."

"कोपऱ्यावरच्या बंगल्यात बघा. लॉकडाउनमध्ये लाल-काळी गेमिंगची खुर्ची मागवली, बसूनसुद्धा न बघता. त्यांच्याकडच्या कामवाल्या मावशी सांगत होत्या, आता तिच्यावर इस्त्रीचे कपडे असतात आणि मुलगा परत डायनिंग टेबलावर!"

"हळू बोल, बंगलेवाली गच्चीत आहे. पण खरंय तुझं. आम्ही जुनीच घेतली, एक ऑफिस जागा बदलत होतं तिथली. हे अर्धा तास ठाण मांडून बसले होते त्यात. वर-खाली करून बघितली, कारण आतला गॅस गेला असेल तर खुर्ची बसल्या बसल्या खाली जाते. चाकं फिरवली, पाठ कंबरेला टेकते का बघितलं. विकणारा कंटाळला बिचारा."

"आमच्या चिरंजीवांनी टेबल असं मांडलंय, की बसलं की पाठ खिडकीकडे."

"मग मीटिंगमध्ये काळं तोंड दिसत असेल! स्क्रीनवरही उजेड चमकतो. खिडकी बाजूला येईल असं टेबल फिरवायला सांग, फुकटात काम होतं."

"आणि वीज गेली की त्याचा आरडाओरडा."

"लॅपटॉपला बॅटरी असते गं, बंद पडतो तो राउटर. त्याच्यासाठी डबीएवढा यूपीएस मिळतो. फक्त राउटरच्या मागे 12 व्होल्ट लिहिलंय का ते बघून घ्यायचा. आणि हो, लॅपटॉपच्या एक्स्टेन्शन बोर्डवर इस्त्री लावू नका. आमच्या ह्यांनी लावली होती, पिन काळी पडली."

"खुर्ची कुठे बघू मग?"

"रविवारी हे पुन्हा जाणारेत तिकडे, मुलाला बरोबर पाठव. ऑनलाइन काही मागवू नको, त्याला स्वतः बसून बघू दे. आण तो कढीपत्ता इकडे."