आमची उबवणी संस्था, मर्यादित

वारणानगरात माणसाने एकट्याने करायची अशी फारशी कामं शिल्लक नाहीत. तात्यासाहेब कोरे यांनी १९५०च्या दशकात या माळावर सहकारी साखर कारखान्याचा घाट घातला आणि त्यामागून दूध संघ आला, बँक आली, बाजार आला, शाळा-कॉलेजं आली, पोरांचा वाद्यवृंदसुद्धा आला. ऊस सहकारी, दूध सहकारी, किराणा सहकारी. इथल्या माणसाला जांभई आली तरी तो आधी इकडेतिकडे बघून घेतो, कोरम आहे का म्हणून.

अशा गावात मी खाजगी क्षेत्रात अंडी उबवायचं ठरवलं.

घरामागे थोडी जागा होती, निवृत्ती झाली होती आणि गावठी अंड्याचा भाव विचारला की दुकानदार माझ्या कपड्यांकडे बघून सांगायचा. बायकोने एकच अट घातली, ‘‘घरात कोंबड्यांचा वास आला की मी माहेरी.’’ तिचं माहेर कोडोलीत, म्हणजे चालत जाण्याच्या अंतरावर. त्यामुळे ही धमकी पोकळ नव्हती. तिला रिक्षाचंसुद्धा भाडं लागणार नव्हतं.

मळ्यात राहणाऱ्या आत्तीला मी मोठ्या उत्साहात सांगितलं की, मशीन घेतोय. तिने हातातलं खुरपं खाली ठेवलं.

‘‘आरं, खुडूक बसायला कोंबडीला बोर्डाची लाईट लागती काय?’’

आत्तीच्या पद्धतीत भांडवली खर्च शून्य. कोंबडी खुडूक झाली की एका पाटीत भुसा घालायचा, त्यात दहाबारा अंडी मांडायची, ढग गडगडून अंडी बिघडू नयेत म्हणून एक लोखंडी खिळा टाकायचा आणि संध्याकाळी कोंबडीला रवणाला बसवायचं. मग एकवीस दिवस तिकडे बघायचं नाही. खिळ्याचं शास्त्र मला माहीत नाही. पण बाकीचं सगळं इतकं शास्त्रशुद्ध आहे, की मशीन बनवणारे अजून त्याचीच नक्कल करतायत. खुडूक कोंबडी पोटाखालची पिसं झडवते, म्हणजे उघडी कातडी अंड्याला थेट भिडते. चोचीने अंडी दिवसातून कितीतरी वेळा फिरवते, कडेची मध्ये घेते, मधली कडेला सारते. दिवसातून एकदा उठून दाणापाणी करून येते, तेवढ्यात अंड्यांना वारा लागतो. पिल्लं कवचात चिवचिवायला लागली की ती आतल्या आत त्यांच्याशी बोलते. एवढी सगळी फीचर्स असूनही तिला वॉरंटी नाही, याचंच काय ते आश्चर्य.

‘‘मग दे की एक खुडूक कोंबडी,’’ मी म्हणालो.

‘‘आता न्हाई कुठली खुडूक. झाली की सांगतो मी.’’

खरी मेख इथे आहे. कोंबडी खुडूक होते ती तिच्या सवडीने, आपल्या निवृत्तीच्या तारखेने नव्हे. शिवाय खुडूक झाली की अंडी देणं बंद. म्हणून अंड्यांच्या धंद्यासाठी लेगहॉर्नसारख्या जाती निवडत नेताना माणसाने हा गुण पिढ्यान्‌पिढ्या काढूनच टाकला. आता जगातल्या बहुतेक लेअर कोंबड्या अंडी घालून सरळ पाठ फिरवतात. आईपण आपण कोंबडीकडून काढून घेतलं आणि ते विकत घ्यायला मी कोल्हापूरला निघालो.

दुकानात मशिनींची रांग होती आणि प्रत्येकीवर ‘फुल्ली ऑटोमॅटिक’ असं लिहिलं होतं. मी विचारलं, यातलं काय काय ऑटोमॅटिक आहे? दुकानदार म्हणाला, ‘‘सगळंच.’’ मग मला काय करायचं? ‘‘पाणी घालायचं, टेंपरेचर बघायचं, लाईट गेली तर धावायचं, अंडी हलतायत का बघायचं.’’ आमच्या ऑफिसात याला हेड क्लार्क म्हणायचे.

दोन वाणांतला फरक मात्र त्याने नीट समजावला. एका पेटीत पंखा नसतो. गरम हवा वर राहते, गार खाली, त्यामुळे अंड्याच्या माथ्याशी ३८.५ अंशांच्या आसपास तापमान ठेवावं लागतं आणि मोजायची जागा चार बोटं हलली तरी हिशोब चुकतो. दुसरीत पंखा हवा फिरवत राहतो, ३७.५ अंश ठेवले की सगळीकडे तेवढंच. पंखेवाली महाग. मी पंख्याशिवायची धरून बसलो असताना बरोबर आलेला पुतण्या म्हणाला, ‘‘काका, दोन्ही नको. मी बनवतो.’’

पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. १९९८ साली वारणेच्या ७० गावांत ‘वायर्ड व्हिलेज’ म्हणून सरकारने कॉम्प्युटर बसवले तेव्हा हा जन्मालाही आला नव्हता, पण ती वायर त्याच्यात कुठून तरी उतरली आहे. त्याने थर्माकोलची पेटी आणली, जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, थर्मोस्टॅट आणि दोन बल्ब. बल्ब एलईडीचे होते. पेटीत दिवाळीसारखा उजेड पडला आणि ऊब मात्र शून्य. मग साध्या पिवळ्या बल्बसाठी आम्ही अर्धं कोडोली पालथं घातलं. वीज वाचवायच्या नादात आपण उष्णता देणारा दिवाच बाजारातून घालवला, हे मला त्या दिवशी कळलं. शेवटी पेटी चालली. तापमान वाढलं की ती पुतण्याच्या मोबाइलवर मेसेज पाठवायची. पुतण्या लेक्चरला असायचा आणि मेसेज बघायचा संध्याकाळी.

या खटपटीत मी थोडं वाचन केलं आणि धीर आला. इजिप्तमध्ये हजारो वर्षं मातीच्या मोठमोठ्या भट्ट्यांत, शेणाच्या जाळावर अंडी उबवत. तिथले कारागीर थर्मामीटर नसताना अंडं पापणीला लावून ताप ओळखत. फ्रान्समध्ये रेओम्यूर नावाच्या शास्त्रज्ञाने घोड्याच्या लिदीच्या उबेवर प्रयोग करून १७४९ साली त्यावर पुस्तक लिहिलं. १८७९च्या सुमारास अमेरिकेत पेटालुमा गावी लायमन बायसने दिव्यावर चालणारं यंत्र काढलं आणि ते अख्खं गाव कोंबड्यांवर श्रीमंत झालं. बायकोला मी हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘‘शेणाचं बोलू नका. पंखेवाली आणा.’’

पंखेवाली आली. छप्पन अंड्यांची. ही बातमी शेजारी पोचायला तिला खोक्यातून बाहेर काढायचीसुद्धा वाट बघावी लागली नाही.

पहिले आले शेजारचे निवृत्त हेडमास्तर. ‘‘छप्पन अंडी तुम्ही एकटे काय करणार?’’ प्रश्न प्रेमाचा होता, पण त्यात सहकार कायद्याची पुसट धमकी होती. संध्याकाळपर्यंत माझ्या व्हरांड्यात सभा भरली. प्रत्येक घराने आपापली अंडी द्यायची, विजेचं बिल वाटून घ्यायचं, अंड्यावर पेन्सिलीने नावाचं आद्याक्षर घालायचं. पेन्सिलच, कारण कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि शाई आत उतरते. हे मी सांगितलं आणि त्या एका वाक्यावर मला तांत्रिक संचालक नेमण्यात आलं. चेअरमन अर्थातच हेडमास्तर.

कुणीतरी कडकनाथ काढूया म्हणालं आणि सभा गप्प झाली. कडकनाथ मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण नदीपलीकडे इस्लामपूरला २०१९ साली तिच्या नावाने जो घोटाळा उघडकीस आला, त्याने या भागातली किती घरं पोळली आहेत. त्या सप्टेंबरात चिडलेल्या कार्यकर्त्यांनी मुख्यमंत्र्यांच्या यात्रेच्या ताफ्यावर कडकनाथ कोंबड्या भिरकावल्या होत्या. तेव्हापासून आमच्याकडे ‘कडकनाथ’ म्हटलं की लोक आधी खिसा चाचपतात. ठराव बारगळला.

अंडी जमली. आत्तीने गावठी दिली. एकाने कोल्हापूरच्या मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रातून आणलेल्या सुधारित कोंबड्यांची दिली. सरकारची अशी केंद्रं राज्यात चार, त्यातलं एक आपल्या दाराशी, पण लोक ऑनलाइन अंडी मागवतात आणि मग ती वाठार फाट्यापासूनच्या खड्ड्यांत घुसळून येतात. तशी आलेलीही होती. ती निमुळतं टोक खाली करून दिवसभर स्वस्थ ठेवली. संस्थेच्या सचिवांनी सहा पांढरीशुभ्र, टपोरी अंडी दिली. हेडमास्तरांनी एक बदकाचं अंडं पुढे केलं. बदकाला अठ्ठावीस दिवस लागतात. म्हणून ते इतरांच्या आधी आठवडाभर मशीनमध्ये गेलं आणि सेवाज्येष्ठतेचा मान त्यालाच मिळाला.

मशीनबरोबरच्या चिटोऱ्यावर लिहिलं होतं, दोन्ही पन्हाळी पाण्याने भरा. मी नाही भरल्या. आषाढ होता, पन्हाळ्याच्या बाजूने पाऊस असा लागला होता की मिठाच्या बरणीत मीठ नव्हे, मिठाचं पाणी होतं. पहिल्या अठरा दिवसांत आर्द्रता पन्नासच्या घरात हवी, कारण अंड्यातलं काही पाणी उडून जाऊन बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी व्हावी लागते. पिल्लू पहिला श्वास त्या पोकळीतच घेतं. पाणी उडालंच नाही तर ते कवचात गुदमरतं. चिटोरं लिहिणाऱ्याने कोडोलीचा पाऊस पाहिला नव्हता. थर्मामीटरवरही मी विश्वास ठेवला नाही. ताप बघायचा घरातला थर्मामीटर आत ठेवून ताडून पाहिलं. बायकोने तो नंतर वापरायला नकार दिला.

सातव्या दिवशी दिवे मालवून, अंड्यामागे मोबाइलचा टॉर्च धरून तपासणी. जिवंत अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. आत्तीची बहुतेक सगळी अंडी जिवंत. सचिवांची सहाही कोरी.

‘‘कुठून आणलीत?’’

‘‘दुकानातून. चांगला ताजा ट्रे होता.’’

पोल्ट्रीतल्या लेअर कोंबड्यांत कोंबडाच नसतो, त्यामुळे ती अंडी जन्मभर उबवली तरी उबदार अंडीच राहतात, हे सांगताना मला अवघड झालं. कारण सभेला महिला होत्या. आत्तीने ते पाच शब्दांत सांगितलं. ते इथे छापता येणार नाहीत.

त्याच सभेत हेडमास्तरांनी चष्मा काढून विचारलं, ‘‘नाव अंड्यावर आहे. पिल्लावर कुठं आहे?’’

कुणी बोलेना. एवढे भागधारक, एवढी बिनचूक नोंद, पण पिल्लू नोंदवही फोडून बाहेर येणार आणि सगळी सारखीच दिसणार! मोठ्या केंद्रांत पिल्लांच्या पंखाला बिल्ला लावतात, पण तो बाहेर आल्यावर. कुणी म्हणालं, चिठ्ठ्या टाका. कुणी म्हणालं, व्हरांडा माझा, म्हणून निम्मी पिल्लं माझी; हा मीच. शेवटी बायको आतून म्हणाली, ‘‘अठराव्या दिवशी अंडी फिरवायची बंद करताच ना? मग ज्याची त्याची अंडी ज्याच्या त्याच्या चाळणीखाली ठेवा.’’

अठराव्या दिवशी अख्ख्या गल्लीच्या प्लास्टिकच्या चाळण्या माझ्या मशीनमध्ये उपड्या पडल्या. पाणी आता भरलं, कारण शेवटचे तीन दिवस हवा दमट लागते. नाहीतर आतला पडदा सुकून पिल्लाला चिकटतो. झाकण उघडायचं नाही, हा एकच नियम, आणि तोच पाळणं सगळ्यात अवघड. त्या रात्री वीज गेली. माझा जीव खालीवर झाला, पण अंडी काही तास गार झाली तरी तगतात. जास्त तापली तर मरतात. इन्व्हर्टर लावला, वरून गोधडी टाकली, हवेची भोकं मोकळी ठेवली.

एकविसाव्या दिवशी पहाटे पहिली टोच पडली. गल्ली लोटली. टोच पडल्यापासून बाहेर यायला पिल्लाला सहज अर्धा-एक दिवस लागतो, आणि एवढा वेळ सभासदांना मध्ये काहीच न करता उभं राहायची सवय नव्हती. ‘‘जरा कवच सोलून देऊ का?’’ हे ज्याने त्याने विचारलं. सोलायचं नाही, ते थांबलेलं असतं तेव्हा पडद्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं आणि उरलेला बलक पोटात. त्या बलकावर पिल्लू दोनतीन दिवस दाण्याशिवाय राहतं. म्हणून तर एक दिवसाची पिल्लं खोक्यांतून गावोगाव जातात. हे सांगूनही शेजारच्या काकू त्यांच्यासाठी वाटीभर मऊ भात घेऊन आल्या होत्या. हेडमास्तरांचं बदक सगळ्यांच्या बरोबरीने बाहेर आलं आणि समोर पहिला दिसला म्हणून चेअरमनांच्याच मागे लागलं.

वाटप बिनतक्रार झालं. तक्रार दीड महिन्याने आली, तुरे फुटल्यावर. पिल्लांत सरासरी निम्मे नर निघतात, पण सरासरी ही जिल्ह्याची असते, घराची नसते. एका सभासदाच्या चाळणीतले जवळजवळ सगळे कोंबडे निघाले. त्यांनी नुकसानभरपाई मागितली. कोल्हापूर जिल्ह्यात अशा वादांवर एकच सर्वमान्य लवाद आहे, तांबडा आणि पांढरा रस्सा. त्यांनी सभा बोलावली, सभा जेवली, ठराव एकमताने मंजूर.

तुम्हाला मशीन घ्यायचं असेल तर पंख्याचं घ्या, अंडी आपोआप फिरवणारं घ्या, बारा व्होल्टवर चालणारं मिळालं तर जास्त पैसे द्या आणि मनात असेल त्याच्या निम्म्या आकाराचं घ्या. जागा रिकामी दिसली की शेजारी भरतात. वेगळा थर्मामीटर ठेवा. दुकानातला ट्रे आणू नका. आणि अठराव्या दिवसानंतर झाकण उघडू नका, चेअरमन स्वतः आले तरी.