भिंतीवरचं टाइमटेबल

आमच्या पूर्णेत भिंतीला तडा गेला की पहिला संशय रेल्वेवर. परभणी, नांदेड आणि हिंगोली अशा तिन्ही वाटांच्या गाड्या इथं भेटतात, त्यामुळे आरोपींना तोटा नाही. वडील गार्ड म्हणून रिटायर झालेले. हा आरोप त्यांना जिव्हारी लागतो. "मालगाडीनं घर फाटत असतं तर आधी स्टेशन पडलं असतं," असं म्हणून ते चष्मा पुसतात. आईचा संशय भूकंपावर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी हादरली, तेव्हापासून मराठवाड्यातल्या कुठल्याही भेगेकडे ती नुसती भेग म्हणून बघतच नाही.

खरा आरोपी पायाखालीच आहे. जुनी माणसं गावाचे दोन भाग करत: पेरायची ती काळी, राहायची ती पांढरी. आम्ही मात्र शहाणे. काळीत प्लॉट पडले, आम्ही घेतला, वर बंगल्याला नावही दिलं. आता ही काळी माती म्हणजे अंगात आलेली बाई. पाणी मिळालं की फुगते, ऊन लागलं की आक्रसते. तिच्यातली माँटमोरिलोनाइट नावाची चिकणमाती पाणी पिते आणि सोडते, एवढाच तिचा गुन्हा. मे महिन्यात शेजारच्या मोकळ्या रानात भेगांमध्ये हातभर काठी सहज जाते. आमच्या ठेकेदारानं पाया खोदला तीन फूट. म्हणजे माती जिथं वर्षभर श्वास घेते, नेमका तिथंच आमचा मुक्काम.

तडा नैऋत्येच्या खिडकीपासून तिरका निघाला. त्या कोपऱ्याशी लिंब आहे. उन्हाळ्यात तो जमिनीतलं उरलंसुरलं पाणी ओढतो, माती आकसते, कोपरा बसतो, तडा रुंदावतो. पावसाळ्यात माती फुगते, तडा मिटतो, आणि आपण रंग देऊन मोकळे होतो. आम्ही तीन वेळा मोकळे झालो. वडिलांनी मग गार्डची सवय काढली. तड्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीनं तारीख लिहायची, आडवी काचेची पट्टी प्लास्टरनं चिकटवायची. काच तडकली म्हणजे भिंत चालू आहे. पहिली काच एप्रिलमध्ये गेली. आईनं त्यावर कॅलेंडर टांगलं. वडील म्हणाले, सिग्नल झाकून गाडी थांबत नाही.

पुस्तकी उपाय भरपूर आहेत. रुरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेनं बुडाशी फुगवलेले, अंडर-रीम्ड पाइल नावाचे खांब बसवायची पद्धत विकसित केली. ते साधारण साडेतीन मीटर खाली, माती जिथं ऋतूंना भीक घालत नाही तिथं टेकतात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. काट्टी यांनी न फुगणाऱ्या मातीचा जाड थर पायाखाली द्यायचा मार्ग दाखवला. आपल्याकडं बरेचदा मुरूम वापरतात. हे सगळं घर बांधण्याआधी. आमच्यासारख्यांना उरतं अंडरपिनिंग, म्हणजे उभ्या घराचा पाया बदलणं. गवंडीमामांनी खुलासा केला: "मालक, एकदम खोदायचं न्हाई. मीटरभर खोदायचं, काँक्रीट भरायचं, सुकू द्यायचं, मंग एक जागा सोडून पुढचं. सारं एकदम खोदलं तर घरच खड्ड्यात उतरंल बगा." अंदाज ऐकून वडिलांनी पेन्शनचं पासबुक उघडलं आणि आवाज न करता मिटवलं.

तेव्हा आधी स्वस्तातलं. गच्चीचा पाइप थेट पायात सुटत होता, तो लांब नेला. न्हाणीघराचं सांडपाणी कुठं मुरतंय ते शोधलं. शोषखड्डा भिंतीपासून जेमतेम चार फुटांवर निघाला. तो दूर हलवला. घराभोवती बाहेरच्या बाजूला उतार असलेला चार फुटी काँक्रीटचा ॲप्रन केला, म्हणजे कोपऱ्यात पाणी एकदम शिरू नये आणि एकदम आटूही नये. लिंब तोडायचा विचार गवंडीमामांनीच मोडून काढला. झाड गेलं की ते पीत असलेलं पाणी मातीतच राहतं, ती हळूहळू फुगते आणि कोपरा वर यायला लागतो. फांद्या छाटा म्हणाले. लिंबाला ते बहुधा आवडलं, सावली तेवढीच आहे.

यंदाची काच मार्चपासून शाबूत आहे. वडील रोज रात्री टॉर्च घेऊन कॅलेंडर उचलतात, बघतात, खाली ठेवतात. काल आई म्हणाली, "अहो, कधीतरी तारीखही बघत जा, आज गॅस संपायचा दिवस आहे."