गुरुत्वमध्याला विनंती अर्ज

प्रति,
मा. गुरुत्वमध्य साहेब,
मुक्काम : प्रत्येक ट्रकच्या पोटात

विषय : न्यूझीलंडमधल्या वळणांवर सवलत मिळणेबाबत.

महोदय,

अर्जदार मालवाहतुकीच्या धंद्यातले आहेत. ‘अजून एक थर बसेल की’ हे त्यांचं घराण्याचं ब्रीद. गिऱ्हाईक, गोदामवाला, घाईतला ड्रायव्हर, सगळे त्यांनी आजवर पटवले. साहेब तेवढे बधत नाहीत, म्हणून हा उघड अर्ज.

पहिली तक्रार आकड्याची. या देशाने १ जुलै २००२ पासून मोठ्या ट्रकना किमान स्थिरतेची अट घातली : ०.३५ जी. म्हणजे वळणावरचा आडवा जोर वजनाच्या ३५ टक्क्यांवर जाईपर्यंत ट्रक उलटता कामा नये. १०० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर ही वेळ ताशी ६७ किलोमीटरला येते. माल उंच रचून स्थिरता ०.२८ वर उतरली, तर ६० लाच. सात किलोमीटरच्या फरकासाठी अख्खा ट्रक आडवा पाडणं अर्जदारांना अंमळ जास्त वाटतं. त्यात वळणावरच्या पिवळ्या पाट्यांवर ३५, ४५, ६५ असे, कायम ५ ने संपणारे वेग. ते मोटारी डोळ्यांपुढे ठेवून काढलेले आहेत, हे अर्जदारांना ठाऊक आहे. पण पाटीवर तसं लिहिलंय कुठे?

दुसरी तक्रार दोराची. तिथल्या नियमानुसार माल असा बांधायचा, की पुढच्या बाजूला त्याच्या पूर्ण वजनाइतका आणि बाजूला व मागे निम्म्या वजनाइतका जोर बांधणीने सोसला पाहिजे. दहा टनांचा माल ब्रेक दाबताच दहा टनांच्या जोराने केबिनकडे निघेल, हा मालाच्या चारित्र्यावर उघड संशय आहे. ‘जड आहे, हलतंय कुठे?’ या पिढीजात अनुभवाला काही किंमत?

वजनाचं म्हणाल, तर २०१७ पर्यंत नेहमीची मर्यादा ४४ टन होती. २०१३ पासून नऊ ॲक्सलच्या ट्रकना परवाना काढून ५० टन नेता येतात, कारण भार जास्त चाकांवर वाटला जातो. अर्जदारांना टन हवे होते, ॲक्सल नको होते. पण एका ॲक्सलवरचा भार २० टक्क्यांनी वाढला, की रस्त्याची झीज साधारण दुप्पट होते, असं म्हणे गणित आहे. ऑकलंडच्या दक्षिणेला बॉम्बे नावाचं गाव आहे. वसाहतवाल्यांना घेऊन आलेल्या जहाजावरून ते नाव पडलं. तिथे रस्त्यातच वजनकाटा पुरलाय आणि कॅमेरा नंबरप्लेट वाचतो. बॉम्बे नावाच्या गावात काट्यावरच्या माणसाशी दोन शब्द बोलायचीही सोय असू नये?

कंटेनरचं दुखणं निराळं. १ जुलै २०१६ पासून जहाजावर चढवण्याआधी भरलेल्या कंटेनरचं पडताळलेलं वजन द्यावं लागतं. अर्जदार ते देतात. पण आतला माल एका कुशीवर झोपलाय की कसा, हे त्या आकड्यातून कळत नाही आणि सीलबंद दार ड्रायव्हरला उघडता येत नाही. टँकरमधलं दूध हेलकावतं, आकड्याला टांगलेलं मांस झुलतं. साहेबही त्यांच्याबरोबर सरकतात, तेही ऐन वळणावर. याला स्थितप्रज्ञता म्हणत नाहीत.

फितुरी केली ती लाकूडवाल्यांनी. ओंडक्यांचे ट्रक फार उलटू लागले, तेव्हा त्यांनी ट्रेलर लांब केले आणि थाक बुटके. उलटणं खरोखर कमी झालं. अर्जदारांच्या बिरादरीत त्यांच्याशी आता रोटीव्यवहार नाही.

साहेब निःपक्षपाती आहेत, हेही नमूद करणं भाग आहे. १८ सप्टेंबर २०२० रोजी ऑकलंडच्या हार्बर ब्रिजवर ट्रक कलंडला, तो जास्तीच्या ओझ्यामुळे नव्हे, ताशी १२७ किलोमीटरच्या झोतामुळे. पुलाचा एक आधार वाकला, मधल्या मार्गिका बंद झाल्या आणि कायमची दुरुस्ती व्हायला ऑक्टोबर उजाडला. उंच अंगाचा ट्रक वाऱ्यालाही सापडतो म्हटल्यावर अर्जदारांनी करावं तरी काय? थर कमी करावा, असं कृपया सुचवू नये.

कळावे, लोभ असावा.

आपले नम्र,
अजून-एक-थर मंडळी

सोबत : १) पट्टा, अर्धवट आवळलेला. २) वजनाची पावती, माल चढवण्याआधीची.